चारही चाकांची ओढ आणि टाकीतले पेट्रोल

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी छोटी आलिशान सेडान साध्या सेडानपेक्षा जास्त पेट्रोल पिते, हे खरे आहे. पण किती जास्त आणि कशामुळे, याबद्दलचे समज बहुधा चुकीचे असतात. वऱ्हाडात कोणत्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न ‘काय अ‍ॅव्हरेज देते?’ हाच असतो, आणि उत्तरही एका आकड्यात हवे असते. या जातीच्या गाडीचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. थोडा वाटा चारचाकी ओढीचा, बराच वाटा वजनाचा आणि इंजिनाचा, आणि सगळ्यात मोठा वाटा रस्त्याचा आणि चालवणाऱ्याच्या पायाचा असतो.

हे वाटे वेगळे करून पाहण्यासाठी अमरावती ते धारणी हा रस्ता फार सोयीचा आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागांमधून जाणारा बराचसा सपाट रस्ता, मग मेळघाटातला घाट, घटांग, सेमाडोह, सिपना नदीकाठचे कोलकास, हरिसाल आणि शेवटी धारणी. वेग, चढ, उतार, वळणे, गतिरोधक आणि उन्हाळ्यातला वऱ्हाडी ताप हे सगळे एकाच प्रवासात भेटते.

ज्या गाड्यांबद्दल हे बोलणे आहे त्यांत ऑडीची ए-३ आणि ए-४, बीएमडब्ल्यूची ३-मालिका, मर्सिडीज-बेंझची ए-क्लास आणि सी-क्लास ही नावे येतात. लांबी साधारण साडेचार ते पावणेपाच मीटर, इंजिन बहुधा दोन लिटरचे टर्बो, रिकाम्या गाडीचे वजन दीड टनाच्या आसपास किंवा पुढे. या गाड्या महाराष्ट्राला परक्या नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्यांची जोडणी २००७ मध्ये सुरू झाली, तर पुण्याजवळच्या चाकणला मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. २०२१ च्या मार्चमध्ये बाजारात आलेली एएमजी ए-३५ फोरमॅटिक ही चारही चाके ओढणारी छोटी सेडान चाकणलाच जोडली गेली. दोन लिटरचे इंजिन, ३०६ अश्वशक्ती, आणि शून्यापासून शंभरचा वेग ४.८ सेकंदांत. महाराष्ट्रात जोडल्या गेलेल्या गाड्यांत या विषयाला इतके नेमके लागू पडणारे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

चारचाकी ओढ म्हणजे काय, हे मेळघाटातल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. सेमाडोहला जंगल सफारीला नेणारी जिप्सी त्याने पाहिलेली असते. जिप्सीच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. डांबरी रस्त्यावर तो ‘दोन चाकां’वर ठेवायचा आणि चिखल, वाळू, नाला आला की ‘चार चाकां’वर टाकायचा. काही जिप्सींमध्ये तर पुढच्या चाकांचे हबही हाताने फिरवून मोकळे करता येतात, म्हणजे गरज नसताना पुढचा आस आणि त्याचे दाते फुकट फिरत राहत नाहीत. पेट्रोल वाचवण्याची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरळ युक्ती: नको तेव्हा जादाचे लोखंड फिरवू नका. आलिशान सेडानमध्ये तो छोटा दांडा नसतो. त्याचे काम संगणक करतो, आणि तो ते किती नेमके करतो यावर चारचाकी ओढीचा खर्च ठरतो.

सेडान गाड्यांमध्ये ही ओढ लोकप्रिय करण्याचे श्रेय ऑडीला जाते. १९८० च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात तिने ‘क्वाट्रो’ ही गाडी आणली. त्याआधी चारही चाके ओढणारी गाडी म्हणजे जीप, लष्करी ट्रक किंवा शेतावरचे वाहन, अशीच बहुतेकांची समजूत होती. क्वाट्रोत इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या आसांकडे सतत जात असे. पकड उत्तम, पण सपाट कोरड्या रस्त्यावरही सगळे दाते आणि मागे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट फिरतच राही.

नंतरच्या रचनांनी हा ‘सतत’पणा हळूहळू सोडला. बीएमडब्ल्यूच्या एक्स-ड्राइव्हमध्ये मागची चाके नेहमी ओढतात. पुढच्या चाकांकडे किती ताकद पाठवायची हे अनेक पट्ट्यांचा एक क्लच ठरवतो. मर्सिडीजच्या छोट्या गाड्यांमधली फोरमॅटिक याच्या उलटी आहे. तिथे गाडी मुळात पुढच्या चाकांची, आणि मागच्या आसापाशी असलेला क्लच गरजेप्रमाणे निम्म्यापर्यंत ताकद मागे देतो. ऑडीने २०१६ मध्ये ‘क्वाट्रो अल्ट्रा’ आणली. तिच्यात मागच्या चाकांची गरज नसेल तेव्हा शाफ्ट दोन्ही टोकांना सोडवला जातो आणि तो चक्क थांबतो. घसरण होण्याआधी संगणक तो क्षणार्धात परत जोडतो. जिप्सीच्या हाताने फिरवायच्या हबचेच हे फार शहाणे रूप म्हणायला हरकत नाही. या बदलामुळे शंभर किलोमीटरमागे सरासरी ०.३ लिटर वाचतात, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले होते. म्हणजे सतत फिरणाऱ्या आणि गरजेपुरत्या फिरणाऱ्या यंत्रणेतला फरक शंभर किलोमीटरला एका मोठ्या पेल्याएवढा.

हे पेट्रोल जाते कुठे? प्रॉपेलर शाफ्टमधून आलेली फिरकी आसाकडे काटकोनात वळवावी लागते, आणि तिथल्या तिरप्या दात्यांमध्ये थोडी ताकद घर्षणात जाते. डिफरन्शियलच्या डब्यातले घट्ट गिअर ऑइल सतत घुसळले जाते, त्यातही जाते. थंडीच्या सकाळी तेल घट्ट असताना जास्त. शिवाय शाफ्ट, डिफरन्शियल, जादाचे आस आणि क्लच मिळून गाडीचे वजन पन्नास किलो किंवा त्याहून अधिक वाढते. डिकीत एक माणूस कायमचा बसवून फिरण्यासारखेच ते आहे.

एकाच गाडीची दोन रूपे शेजारी ठेवली की हा वाटा स्वच्छ दिसतो. अमेरिकेत दर नव्या गाडीच्या काचेवर सरकारी चाचणीचा आकडा चिकटवावा लागतो. तिथल्या २०२१ च्या बीएमडब्ल्यू ३३० आय या गाडीचे मागची चाके ओढणारे रूप एका गॅलनला सरासरी ३० मैल देते, आणि चारही चाके ओढणारे एक्स-ड्राइव्ह रूप २८ मैल. आपल्या मापात ते अनुक्रमे लिटरला पावणेतेरा आणि सुमारे १२ किलोमीटर होते. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, बांधणी तीच. फरक सात टक्क्यांच्या आसपास. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक साडेपाच-सहा लिटरचा पडतो. लिटरला शंभराच्या पुढचा दर धरला तर सहाशे रुपयांच्या आसपास. खर्च आहे, पण घाबरून जावे असा नाही.

याच्यापुढे इंजिनाचा आणि इंधनाचा वाटा ठेवून पाहावा. चाकणलाच तयार होणारी सी-क्लास २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्या पेट्रोलवरच्या सी-२०० चा जाहीर आकडा लिटरला १६.९ किलोमीटर होता आणि डिझेलवरच्या सी-२२० डी चा २३. दोन्हींत ओढणारी चाके मागचीच. तरीही एका लिटरमागे सहा किलोमीटरचा फरक. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते आणि डिझेल इंजिन ती जास्त चांगली वापरते, हे त्याचे कारण. तसेच शेंद्र्याच्या ऑडी ए-४ चा जाहीर आकडा १७.४२ होता, तर बीएमडब्ल्यू एम-३४० आय एक्स-ड्राइव्हचा १३.०२. दुसरी चारही चाकांनी ओढते म्हणून एवढी मागे पडली, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. ए-४ ला १९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, एम-३४० आय ला तीन लिटरचे सहा सिलिंडरचे, ३८७ अश्वशक्तीचे. भूक इंजिनाची होती, बिल मात्र चाकांच्या नावावर फाटते.

हे जाहीर आकडे येतात कुठून, तेही समजून घ्यायला हवे. भारतात असे आकडे देणारी प्रमुख संस्था म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, लोकांच्या तोंडी ‘एआरएआय’. ती पुण्यात कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. आसपासचे फिरायला जाणारे त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवतात. चारही चाके ओढणारी गाडी असेल तर पुढे आणि मागे अशा दोन जोड्या रोलर लागतात. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि चालक तिच्याबरोबर वेग वाढवत, कमी करत, थांबत जातो. धुराड्यातून निघणारा वायू पिशव्यांमध्ये गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून कमी. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. घाट नाही, म्हशी नाहीत, समोरून येणारी बस नाही.

ही चाचणी फसवी आहे असे नव्हे. दोन गाड्यांची तुलना एकाच फूटपट्टीने करता यावी, हा तिचा हेतू आहे आणि तो ती पुरा करते. चूक होते ती आकडा वचन म्हणून वाचला जातो तेव्हा. रोलरवर १७ देणारी गाडी रस्त्यावर १२-१३ देत असेल तर ती बिघडलेली असतेच असे नाही. सरकारलाही हा आकडा दुसऱ्या कारणासाठी हवा असतो. २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपासची मर्यादा आली आणि २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमच्या आसपास उतरली. जड गाड्या विकणाऱ्याला वजनाच्या प्रमाणात थोडी सूट असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने लिटरला १३ देणारी सेडान किलोमीटरला १७५ ग्रॅमच्या पुढे सोडते. शाफ्ट सोडवून ठेवणाऱ्या युक्त्या कंपन्या कशासाठी शोधत बसतात, ते या आकड्यांवरून कळते.

आता रस्ता. सपाट रस्त्यावर गाडीला दोन गोष्टी अडवतात: टायरची लोळण आणि हवा. चार माणसे आणि सामान धरून अठराशे किलो झालेल्या सेडानला चांगल्या डांबरावर लोळत राहण्यासाठी सुमारे १८ किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. वेग कमी-जास्त झाला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. ताशी ४० ला तो अशा गाडीवर जेमतेम चार किलोचा असतो, १०० ला चोवीस-पंचवीस किलोंच्या घरात जातो आणि १२० ला ३५ च्या आसपास. म्हणजे ८० च्या वेगाने जाताना हवा आणि लोळण जवळपास सारखी, आणि त्याच्या पुढे प्रत्येक पायरीला हवा बाजी मारते.

म्हणूनच या गाड्या लांबट, बसक्या आणि गुळगुळीत असतात. ए-क्लास सेडान २०१८ मध्ये आली तेव्हा तिचा हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२२ होता, विक्रीला असलेल्या गाड्यांत तेव्हाचा सर्वांत कमी. उंच एसयूव्हीपुढे सेडानचा हा मोठा फायदा आहे आणि विकत घेताना तो फार कमी लोक मोजतात. त्याचा कस समृद्धी महामार्गावर लागतो. ७०१ किलोमीटरचा हा नागपूर–मुंबई रस्ता अमरावती जिल्ह्यातून जातो, ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. ८० ऐवजी १२० ने गेल्यास दर किलोमीटरला गाडीला करावे लागणारे काम सुमारे दीडपटीहून जास्त होते. चारचाकी ओढीचे सात टक्के या फरकापुढे किरकोळ आहेत. समृद्धीवर कमी अ‍ॅव्हरेज मिळाल्याची तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःचा स्पीडोमीटर आठवावा.

परतवाडा मागे पडले की चित्र पालटते. वेग चाळीसवर येतो, हवा जवळपास बाजूला होते आणि चढ पुढे येतो. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा साधा चढ घेतला तरी अठराशे किलोच्या गाडीला त्यासाठी ९० किलोंचा जादा जोर लागतो. लोळणीचे १८ आणि हवेचे चार धरले तर सपाट रस्त्यावर बावीस, चढावर एकशे बारा. पाचपट. घाटात अ‍ॅव्हरेजचा काटा पाचवर आलेला पाहून जे घाबरतात, त्यांच्यासाठी हे गणित आहे.

त्याचा पेट्रोलमधला हिशेबही करता येतो. अठराशे किलोची गाडी शंभर मीटर उंच उचलण्यासाठी जी ऊर्जा लागते ती, इंजिन पेट्रोलातली सुमारे तीस टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते असे धरले, तर साधारण २०० मिलिलिटर पेट्रोलात येते. दर शंभर मीटर चढाईला एक पेला. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि मेळघाटातलेच चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. म्हणजे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना नुसत्या उंचीपोटी दीड लिटर पेट्रोल वर जाते. रस्त्याचे, वळणांचे आणि एसीचे त्याहून वेगळे. धारणीच्या रस्त्यावर एकच लांब चढ नसतो. चढायचे, सिपनेकडे उतरायचे, पुन्हा चढ-उतार. पेल्यांची बेरीज मात्र त्याच रीतीने होते.

चढताना गाडीत साठवलेली ही ऊर्जा उतारावर परत मिळते, पण पूर्ण नाही. जेवढी ब्रेक तापवण्यात जाते तेवढी कायमची गेली. इथे एक जुनी सवय मोडायला हवी. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, कारण त्याने पेट्रोल वाचते, ही समजूत आजही घट्ट आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडे तथ्य होते. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. म्हणजे गिअरमध्ये उतरताना खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. दोन लिटरचे इंजिन उभ्या गाडीत तासाला लिटरभराच्या आसपास पिते. वर इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतात. आलिशान ऑटोमॅटिक गाड्यांत ‘इको’ लावले की काही गाड्या उतारावर आपोआप गिअर मोकळा करतात. सपाट महामार्गावर ते ठीक आहे. घाटात मात्र गिअरचा ताबा हाती घ्यावा आणि खालच्या गिअरवर उतरावे.

याचा एक परिणाम असा की एका बाजूच्या प्रवासाच्या अ‍ॅव्हरेजला काही अर्थ नाही. चिखलदऱ्याला चढून गेलेला माणूस सात सांगतो, उतरून आलेला पंचवीस सांगतो, आणि दोघेही खरे बोलतात. जाऊन-येऊन मोजलेलाच आकडा धरावा.

उन्हाळ्यात आणखी एक वाटेकरी येतो. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. उन्हात तापलेली गाडी पहिली दहा-पंधरा मिनिटे थंड करताना एसीचा कॉम्प्रेसर सर्वांत जास्त ताकद खातो. हळू वेगात आणि थांबून राहताना त्याचा वाटा मोठा दिसतो, कारण तेवढ्या वेळात अंतर फार कापले जात नाही. निघण्याआधी दोन मिनिटे चारही दारे उघडी ठेवून आतली भट्टी बाहेर जाऊ देणे हा साधा उपाय खरोखर लागू पडतो.

पंपावर मिळणारे पेट्रोलही बदलले आहे. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून, तांदळापासून आणि धारणीच्या शेतांत उभ्या दिसणाऱ्या मक्यापासूनही तयार होते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलात सुमारे २१. मिश्रणाची ऊर्जा त्यामुळे पाच-सात टक्क्यांनी उतरते, ही साधी बेरीज आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट आणि दहा टक्के इथेनॉलसाठी घडवून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या इंजिनांसाठी एक ते दोन टक्के घट सांगितली आहे. टर्बो इंजिनाला इथेनॉलचा वरचा ऑक्टेन अंक थोडी मदत करतो, पण ऊर्जेची तूट तो पुरती भरून काढत नाही. पाच वर्षांपूर्वीची आलिशान सेडान वापरणाऱ्याला अ‍ॅव्हरेज किंचित उतरल्यासारखे वाटत असेल, तर गॅरेजमध्ये जाण्याआधी हे लक्षात घ्यावे.

टायरमधली हवा पाच पौंड कमी असली तर साधारण एक टक्का पेट्रोल जास्त जाते. ही गोष्ट प्रत्येक गाडीला लागू आहे. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत मात्र टायरचा प्रश्न पेट्रोलपुरता राहत नाही. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. तीन टायर चार मिलिमीटरपर्यंत झिजले आहेत आणि एक दगडावर फाटला म्हणून तेवढाच नवा घातला, तर त्या चाकाचा घेर इतरांपेक्षा एक टक्क्याहून जास्त मोठा होतो. संगणकाला वाटते चाक घसरते आहे. क्लचच्या पट्ट्या आणि डिफरन्शियल तो फरक पोटात घेत झिजत राहतात. दर किलोमीटरला होणारी ही झीज पेट्रोलच्या बिलात दिसत नाही, दुरुस्तीच्या बिलात एकदम दिसते. म्हणून या गाडीचे टायर चारही एका वेळी, एका जातीचे बदलावेत. ती बंद पडली तर दोन चाके उचलून ओढूनही नेऊ नये. पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. सेमाडोहच्या पुढे बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत हा किती मोठा उपद्व्याप आहे, ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

अ‍ॅव्हरेज मोजण्याची खात्रीची रीत जुनीच आहे. टाकी पंपाच्या पहिल्या ‘टक’ आवाजापर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावे, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या ‘टक’पर्यंत भरावे. मधले किलोमीटर भागिले या वेळी गेलेले लिटर. एका टाकीवर भरवसा ठेवू नये. तीन-चार टाक्यांची बेरीज घ्यावी. डॅशबोर्डवरचा आकडा सोयीचा असतो, पण तो टाकीच्या हिशेबाशी ताडून घेतल्याशिवाय खरा मानू नये. युरोपातल्या गाड्या हा आकडा ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असा दाखवतात, आणि विचार करायला ते माप जास्त प्रामाणिक आहे. लिटरला ८ देणारी गाडी १० द्यायला लागली तर शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. १६ देणारी १८ द्यायला लागली तर जेमतेम ०.७ लिटर. दोन्हीकडे सुधारणा ‘दोन’चीच दिसते. म्हणजे घाटात आणि शहरात लिटरमागे वाढवलेला प्रत्येक किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर वाढवलेल्यापेक्षा जास्त मोलाचा असतो.

धारणीहून महिन्यातून दोनदा अमरावतीला जाऊन येणाऱ्याचे सहाशे किलोमीटर होतात. वरच्या अमेरिकी आकड्यांप्रमाणे चारचाकी ओढीपायी त्यात साडेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त जाईल, म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपये. पावसाळ्यात ओल्या वळणावर, सागाच्या पानांनी निसरड्या झालेल्या चढावर चारही चाकांनी धरून ठेवलेली गाडी त्या पैशांचे मोल नक्की परत देते. पण याच गाडीचे पोट जमिनीपासून बहुधा दीडशे मिलिमीटरच्या आसपासच वर असते, रुंद आणि पातळ कडेचे टायर दगडाला सहज फाटतात, आणि नागपूरच्या अधिकृत सेवाकेंद्रापर्यंत धारणीहून तीनशे किलोमीटर पडतात. धारणीच्या रस्त्यासाठी ही सेडान घ्यायची की नाही, हे या तीन गोष्टींवर ठरवावे. चारही चाके ओढताना जाणाऱ्या पेट्रोलवर नव्हे.